घर सजवताना: तागडी भिंतीवर, पण पासंग कुठे?

प्रश्न: ताई, आमच्या आजेसासऱ्यांचं पंचवटीत भुसार दुकान होतं, ते बंद होऊन कितीतरी वर्षं झाली. आता वाडा पाडताना माळ्यावर पितळी पारड्यांची मोठी तागडी आणि सात-आठ लोखंडी वजनं सापडली, ती इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये हॉलला लावायचीयेत. एका पारड्याच्या साखळीला सुतळीने लोखंडाचा तुकडा बांधलाय, फार घाण दिसतो. मिस्टर म्हणतात तो काढून टाकू आणि सगळं बफिंग करून चकाचक करू. करू का?

उत्तर: अहो थांबा, तो तुकडा काढू नका! तो पासंग आहे. "हा तिच्या पासंगालाही पुरणार नाही" म्हणतो ना आपण, तोच. दोन्ही पारडी आणि साखळ्या हुबेहूब सारख्या वजनाच्या क्वचितच असतात, मग हलक्या बाजूला दगड, वॉशर, जे हाताला लागेल ते बांधून दांडी सरळ करायची. काढलात तर तागडी कायम एका अंगाला कललेली दिसेल आणि घरी येणारा प्रत्येक पाहुणा ती बोटाने सरळ करत बसेल. सुतळी कुजली असेल तर नवी बांधा, तुकडा मात्र तोच. मला विचाराल तर अख्ख्या तागडीत बघण्यासारखं तेच आहे.

बफिंग पण नको. पारड्यावरचे ठोके, काठावर कोरलेलं नाव असेल तर तेही, सगळं घासून सपाट होतं, आणि नवं चकचकीत पितळ तर भांडी बाजारात कधीही मिळतंच की. चिंच-मीठ लावून घासा, धुवा आणि लगेच कोरडं पुसा, खाचांमधला काळेपणा राहू दे.

वजनं पालथी करून बघा. तळाला खड्ड्यात शिसं भरलेलं असतं आणि त्यावर तपासणीचे छाप, सालाचे आकडेही सापडतात कधी. शेराचं वजन निघालं तर ते किलोच्या आधीचं, कारण १९५८ च्या ऑक्टोबरपासून किलोची वजनं यायला लागली आणि १ एप्रिल १९६२ पासून तीच सक्तीची झाली. (शेर म्हणजे ८० तोळे, साधारण ९३३ ग्रॅम, किलोला थोडा कमी.) गंज तारेच्या ब्रशने काढून तेलाचा हात फिरवा, पण शिशाला घासू नका, छाप जाईल आणि शिशाची धूळ घरात नकोच.

टांगायला पीओपीच्या सीलिंगवर भरवसा ठेवू नका, वर स्लॅबमध्ये अँकर फास्टनर मारून घ्या. वजनं पारड्यात नको, खाली फळीवर मांडा. आणि द्राक्षांच्या सीझनला पारड्यात घड ठेवायचा मोह होणारच, नाशिककर आहात, तर आत काचेचा बाऊल ठेवा, आंबट लागलं की पितळ कळकतं.

प्रश्न: सराफी काटा मिळालाय, लाकडी पेटीतला, सोबत मूठभर लाल गुंजा. टीपॉयवर पेटी उघडून गुंजा पारड्यात ठेवल्या तर छान दिसतील ना? घरात दोन वर्षांचा नातू आहे.

उत्तर: दिसतील छान, पण ठेवू नका. गुंजेच्या बीमध्ये जहर असतं, चावून पोटात गेली तर जिवावर बेतू शकतं. काटा खोल फ्रेममध्ये काचेआड लावा, गुंजा पण आतच चिकटवा. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा, म्हणजे तोळ्याला ९६ गुंजा, हे खाली चिठ्ठीवर लिहा, नातू मोठा झाला की वाचेल.

प्रश्न: दिवाळीत मी घरचा फराळ विकते. आजीच्या जुन्या तागडीवरच तोलून दिला तर गिऱ्हाइकांना आवडेल, चालेल का?

उत्तर: नाही चालणार. विकायचं म्हटलं की वजनमापे खात्याचा चालू शिक्का असलेलाच काटा लागतो. चकलीचं पाकीट त्यावर तोला आणि तागडी मागे शोभेला ठेवा, फोटो तिच्यासमोर काढा.