सगळे रिपोर्ट नॉर्मल, मग मला होतंय काय?

‘कशात लक्ष लागत नाही, थकवा जात नाही. तपासण्यांत काही निघत नाही, घरात कसली ददात नाही, मग हा आळसच म्हणायचा ना?’ गेल्या काही महिन्यांत हा प्रश्न इतक्या जणांनी विचारला, की एकदा नैराश्याबद्दल सविस्तर लिहायचं ठरवलं. विचारणाऱ्यांत बँकेतल्या अधिकारी होत्या, इंजिनिअरिंगचा विद्यार्थी होता, नुकत्याच आजी झालेल्या एक बाई होत्या. उत्तर देताना मला आठवतात ते मात्र अण्णा. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

अण्णांचं तालुक्याच्या गावात किराणा-भुसाराचं जुनं दुकान. फॅमिली डॉक्टरांनी चिठ्ठी दिली म्हणून बायको आणि मुलगा त्यांना माझ्याकडे समुपदेशनासाठी घेऊन आले होते. सोबत फाइल: ईसीजी, साखर, थायरॉइड, बी-१२, पोटाची सोनोग्राफी. सगळं ठीक.

‘मला काही वेडबिड लागलेलं नाही,’ अण्णांनी बसायच्या आधीच सांगून टाकलं. ‘अंग दुखतं, एवढंच.’

‘झोप लागते?’

‘लागते. पण साडेतीनला टक्क जाग येते. मग उजाडूच नये असं वाटतं.’

‘ह्यांना पुरणपोळी वाढली तरी अर्धी ताटात,’ काकू म्हणाल्या. ‘पँटी ढिल्या झाल्यात.’

मुलगा म्हणाला, ‘दिवाळीच्या पाडव्याला नव्या वहीची पूजा केली, त्यानंतर वहीत अक्षर नाही. गिऱ्हाइकांवर ओरडतात. आमचे अण्णा कधी ओरडायचे नाहीत.’

‘रडू येतं का, अण्णा?’

‘नाही. काहीच वाटत नाही. नातू मांडीवर येऊन बसला तरी काही वाटत नाही.’

नैराश्य म्हटलं की लोकांना अश्रू हवे असतात. पुष्कळांना, विशेषतः पुरुषांना, ते अंगदुखी, चिडचिड आणि पहाटेची जाग होऊन भेटतं. कशातच रस न वाटणं, भूक आणि झोप बिघडणं, थकवा, लक्ष न लागणं, स्वतःला कमी लेखणं, मरणाचे विचार. यातलं बरंच काही दोन आठवडे, जवळजवळ रोज, दिवसातला बराच वेळ टिकलं आणि कामधंदा अडू लागला, तर त्याला आळस म्हणू नका. तपासण्या वाया गेल्या असंही नाही. थायरॉइड किंवा रक्त कमी असल्यानेही अशीच लक्षणं दिसतात, म्हणून त्या आधी करायच्याच. रिपोर्ट नॉर्मल आला याचा अर्थ ती कारणं बाजूला झाली, त्रास बाजूला झाला नाही.

मग अण्णांशी एकट्याशी बोलले. ‘जीव नकोसा होतो का?’ असं सरळच विचारलं. असं विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो ही भीती निराधार आहे. उलट माणूस मोकळा होतो. अण्णा म्हणाले, ‘आपण नसलो तर बरं, असं येतं मनात. करणार काही नाही.’ तरीही त्यांच्या संमतीने घरच्यांना सांगितलं. धान्याला लावायची औषधं मुलाने त्याच दिवशी कुलपात ठेवली आणि त्याच आठवड्यात मानसोपचारतज्ज्ञांची भेट झाली.

गोळ्यांबद्दलची शंका अण्णांनाही होती: सवय लागेल. या गोळ्या व्यसन लावणाऱ्या नाहीत. गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. बरं वाटल्यावरही काही महिने घ्याव्या लागतात, आणि बंद करायच्या त्या डॉक्टरांच्या सल्ल्याने, हळूहळू.

झोप सुधारली, भूक आली, तरी अण्णा दुकानात जाईनात. ‘मुलाच्या जिवावर बसून खातोय. लाज वाटते.’

इथे माझा कल सांगून टाकते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेली आणि कि. मो. फडके यांनी महाराष्ट्रात रुजवलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती, म्हणजे त्रास वाढवणाऱ्या स्वतःच्या समजुती तपासून बदलण्याची पद्धत, मी मानते. माझे काही सहकारी आधी बालपण उलगडतात, त्यांनाही यश येतं. माझं लक्ष मात्र आधी जातं ते माणूस आजारी असल्याबद्दल स्वतःला काय बोलतो याकडे.

मी विचारलं, ‘वहीत सगळ्यात जुनी उधारी कुणाची?’

‘आहे एक शेतकरी. पाय मोडला होता, वर्षभर घरात होता.’

‘वसुलीला गेला होतात?’

‘छे! आजारी माणसाकडे काय मागायचं? उलट महिन्याचा किराणा घरपोच करत होतो.’

‘बसून खातो, आळशी आहे, असं म्हणालात त्याला?’

‘पाय मोडला होता, मॅडम.’ थोडं थांबून म्हणाले, ‘त्याचा पाय दिसत तरी होता.’

‘आणि तुमची साडेतीनची जाग?’

बराच वेळ ते बोलले नाहीत. मीही बोलले नाही. अशा वेळी बोलायचं नसतं, हे मला अनुभवाने कळलंय. मग ते म्हणाले, ‘म्हणजे माझ्या खात्यावर मीच व्याज चढवतोय.’

हे मी त्यांना शिकवलेलं नव्हतं. पुस्तकात हेच समजवायला पानं खर्ची पडतात. मुद्दल म्हणजे आजार, तो फिटायला औषध, समुपदेशन, वेळ लागणारच. पण आजारी आहे म्हणून मी निकामी, हे व्याज आजपासून थांबवता येतं. मदत मागायला माणूस महिनोन्‌महिने उशीर करतो तो बहुतेक वेळा याच लाजेपायी, असं माझं ठाम मत आहे.

पुढचं काम तसं साधं. रोज तीन खाती लिहायची, उत्साह असो वा नसो. नैराश्यात उत्साहाची वाट बघत बसलं तर तो येत नाही. आधी थोडं काम करावं लागतं, मग तो येतो. गणपतीच्या गर्दीत अण्णा पुन्हा घसरले, सावरले, आणि दिवाळीचा माल भरायला स्वतः बाजारात गेले.

काकूंनी विचारलं होतं, ‘ह्यांना दुकानात जा म्हणू की नको?’ ‘मन घट्ट करा’, ‘चांगले विचार करा’ हे म्हणू नका, एवढं मी सगळ्याच घरच्यांना सांगते. ‘आज किती जमेल?’ असं विचारा आणि जेवढं जमेल तेवढ्यावर थांबा. डॉक्टरांकडे सोबत जा.

बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार देशात दर २० प्रौढांमागे साधारण एकाला आयुष्यात कधी ना कधी नैराश्य आलेलं असतं, आणि मानसिक आजार असलेल्यांपैकी बहुतेकांपर्यंत उपचार पोचत नाहीत. गावात तज्ज्ञ नसेल तर जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे का ते बघा. २०२२ पासून सरकारची टेली-मानस ही मोफत सेवाही आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, मराठीतूनही बोलता येतं. माणूस मरणाची भाषा करत असेल तर मात्र फोनवर किंवा अपॉइंटमेंटवर विसंबू नका. त्याला एकटं सोडू नका, सरळ जवळच्या रुग्णालयात घेऊन जा.