वाचकांचे प्रश्न : १७ सप्टेंबर कोणत्या विषयात शिकायचा?

प्रश्न : मला दहावीला ८४ टक्के गुण मिळाले असून अकरावीला कला शाखेत इतिहास व राज्यशास्त्र घ्यावे असे मनापासून वाटते. नातेवाईक मात्र म्हणतात की, हे विषय म्हणजे सनावळ्यांची घोकंपट्टी आहे आणि एवढे गुण कला शाखेत वाया जातील. हे दोन्ही विषय एकत्र घ्यावेत का आणि अभ्यास कसा करावा?
– एक विद्यार्थिनी, जि. हिंगोली

उत्तर : अवश्य घ्यावेत आणि एकत्रच घ्यावेत. मराठवाड्यातील कनिष्ठ महाविद्यालयात हे विषय शिकवताना आलेला एक अनुभव सांगते. एका विद्यार्थ्याने आजोबांचा शाळेचा दाखला वर्गात आणला होता. घडीवर फाटलेला तो कागद संपूर्ण उर्दूत होता आणि घरात कोणालाही वाचता येत नव्हता. मराठी बोलणाऱ्या मुलाचा दाखला उर्दूत का, या एका प्रश्नावर आमचे चार तास गेले.

इतिहासाने त्याचे उत्तर निजामाच्या हैदराबाद संस्थानापासून दिले; मराठवाडा तेव्हा त्या संस्थानात होता आणि तिथे कारभाराची व शिक्षणाची भाषा उर्दू होती. देश स्वतंत्र झाल्यावरही निजामाने विलीनीकरण नाकारले, नोव्हेंबर १९४७ मध्ये भारताशी आहे तीच स्थिती तूर्त कायम ठेवण्याचा ‘जैसे थे’ करार झाला, स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली लढा सुरूच राहिला, निजामाच्या बाजूने लढणाऱ्या रझाकार या सशस्त्र संघटनेचे अत्याचार वाढले आणि १३ सप्टेंबर १९४८ रोजी सुरू झालेली भारत सरकारची लष्करी मोहीम, म्हणजेच ‘पोलीस कारवाई’, १७ तारखेला संपली. मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन म्हणून शाळेत त्या दिवशी आपण झेंडावंदन करतो ते यासाठीच. पण सत्ता नेमकी कोणाकडून कोणाकडे गेली, हे विचारताच आपण राज्यशास्त्राच्या तासाला येऊन बसतो. ज्याच्याविरुद्ध लढा झाला तोच निजाम १९५० मध्ये नव्या हैदराबाद राज्याचा राजप्रमुख, म्हणजे राज्यपालासारखा घटनात्मक प्रमुख, कसा झाला, १९५६ मध्ये भाषेच्या आधारावर ते राज्य विभागून मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात का आला, आणि संविधानाच्या कलम ३७१(२) मध्ये मराठवाड्यासाठी स्वतंत्र विकास मंडळाची तरतूद का करावी लागली, हे कळल्याशिवाय आपल्याकडे रोज कानावर पडणाऱ्या ‘अनुशेष’ (विकासात मागे राहिलेली तूट) या शब्दाचा अर्थ उलगडत नाही.

म्हणून दोन्ही विषयांना मिळून एक वही करावी. डाव्या पानावर काय व कोणत्या क्रमाने घडले ते लिहावे. उजव्या पानावर त्या वेळी अधिकार कोणाचा होता, कोणत्या कायद्याने होता आणि तो कोणाला नाकारला गेला, ते लिहावे. सनावळी लागतेच, पण कारणांची साखळी जुळली की ती आपोआप लक्षात राहते. लेखी परीक्षेच्या ८० गुणांमध्येही स्पष्टीकरणाच्या उत्तरांचा वाटा मोठा असतो आणि तिथे नुसते पाठांतर तोकडे पडते.

पुढील वाटांबद्दल थोडक्यात सांगते. बारावीनंतर पाच वर्षांचा विधी अभ्यासक्रम, पत्रकारिता, अध्यापन आणि स्पर्धा परीक्षा हे मार्ग खुले आहेत. राज्यसेवा मुख्य परीक्षाही आता वर्णनात्मक झाल्यामुळे मुद्देसूद लिहिण्याची ही सवय उपयोगी पडेल. वैद्यकीय किंवा अभियांत्रिकीचा विचार मनात असेल, तर मात्र निर्णय आत्ताच पक्का करावा, कारण त्यासाठी विज्ञान शाखाच लागते.

प्रवेश होईपर्यंत एक काम करा. घरातील किंवा गल्लीतील एखाद्या वृद्ध आजी-आजोबांपाशी बसून १९४८ मध्ये गावात काय घडले ते विचारा आणि त्यांच्याच शब्दांत, गावाच्या नावासह लिहून ठेवा. तेव्हा दहा वर्षांची असलेली मुले आज नव्वदीच्या घरात आहेत.