वाचक विचारतात : स्टीम बरं की गॉग, आणि हे डीआरएमचं नेमकं लफडं काय?

मागच्या अंकात आम्ही एवढंच लिहिलं होतं की सेलमध्ये गेम घेताना किंमत बघता तसं कॉपी-प्रोटेक्शन पण बघा, म्हणजे चोरट्या कॉपी चालू नयेत म्हणून गेमला लावलेलं कुलूप, गेमवाले ज्याला डीआरएम म्हणतात ते. त्यावर बरेच प्रश्न आले, त्यातले थोडे घेतलेत. (स्टीम, गॉग, एपिक ही सगळी पीसीचे गेम विकणारी ऑनलाइन दुकानं.)

एकच गेम स्टीमवर पण आहे आणि गॉगवर पण, किमतीत शेपन्नास रुपयांचा फरक. मित्र म्हणतो डोळे झाकून गॉगवर घे, स्टीम म्हणजेच डीआरएम. खरंय का? — इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, सांगली

अर्धं खरंय. स्टीम हे व्हॉल्व्ह कंपनीचं, २००३ पासूनचं, आणि तिथून गेम डाउनलोड करायला त्यांचं सॉफ्टवेअर आणि लॉगिन लागतंच, त्यातून सुटका नाही. पण एकदा उतरवला की पुढे काय ते गेम बनवणाऱ्यावर असतं. स्टीमवरचे कितीतरी छोटे गेम असे आहेत की स्टीम बंद करा, फोल्डर उचलून दुसऱ्या ड्राइव्हवर टाका, डबल क्लिक करा, चालू! काही जण स्टीमचंच साधं कुलूप लावतात, आणि गंमत म्हणजे व्हॉल्व्ह स्वतःच डेव्हलपरना सांगतं की नुसत्या ह्या कुलपाने पायरसी थांबणार नाही. तिसरे ते मोठे पब्लिशर, ज्यांना स्टीमवर पण भरवसा नाही, ते वरून डेनुवो नावाचं आणखी एक कडक कुलूप लावतात नाहीतर स्वतःचा वेगळा लाँचर, म्हणजे गेम उघडून देणारं सॉफ्टवेअर, उघडायला लावतात, म्हणजे एका गेमसाठी दोन लॉगिन. हे सगळं गेमच्या पानावर उजव्या बाजूच्या चौकटीत लिहिलेलं असतं, एका दिवसात किती पीसीवर ॲक्टिव्हेट होईल ते सुद्धा, पण आपण थेट ट्रेलर बघून खाली हिरवं बटण दाबतो.

गॉग २००८ मध्ये पोलंडच्या सीडी प्रोजेक्टने काढलं, विचर हे गेम बनवणारे तेच. तिथे इन्स्टॉलरची फाइल हातात मिळते, हार्डडिस्कवर ठेवा, पाच वर्षांनी इंटरनेट नसलेल्या पीसीवर टाका, कोणी काही विचारत नाही. आता तुम्ही म्हणाल मग सगळे चोरूनच खेळतील. तर २०११ चं विचर २ बघा. गॉगवर ते पहिल्या दिवसापासून बिनकुलपाचं होतं आणि दुकानातल्या डिस्कवर सेक्युरॉम नावाचं कुलूप होतं, आणि पायरसीवाल्यांनी फिरवली ती दुकानातली कॉपी, कुलूप तोडून! मग कंपनीने पॅच, म्हणजे दुरुस्तीची फाइल, देऊन ते सेक्युरॉम काढूनच टाकलं. म्हणजे त्रास झाला तो फक्त पैसे देऊन डिस्क घेणाऱ्यांना.

पण गॉग म्हणजे अगदी सोवळं असंही नाही हं. २०२१ मध्ये त्यांनी हिटमॅन हा गेम आणला, ज्यात सर्व्हरला जोडल्याशिवाय नवीन हत्यारं, नवीन जागा काही अनलॉक होईना, लोकांनी रिव्ह्यूमध्ये इतकं धुतलं की काही दिवसांत गेम काढून घ्यावा लागला. शिवाय नवीन मोठे गेम तिथे उशिरा येतात किंवा येतच नाहीत.

तर तुमच्या प्रश्नाला सरळ उत्तर: गोष्टीवाला, एकट्याने खेळायचा, परत परत खेळायचा गेम असेल तर गॉग, शेपन्नास रुपये जास्त गेले तरी. मित्रांसोबत ऑनलाइन खेळायचा असेल, मॉड, म्हणजे खेळणाऱ्यांनीच बनवलेले बदल, टाकायचे असतील तर मुकाट्याने स्टीम. नाही आवडला तर स्टीमवर १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळला असेल तरच पैसे परत मिळतात, गॉगवर ३० दिवस.

डेनुवोमुळे गेम अडकत अडकत चालतो असं सगळे म्हणतात. माझा पीसी मध्यम आहे, घेऊ का नको? — एक वाचक, नाशिक

प्रत्येक वेळी खापर डेनुवोवर फोडण्यात अर्थ नाही, कित्येक गेम मुळातच आळशीपणे पीसीवर आणलेले असतात. पण धूर आहे तिथे आग पण आहे. २०२१ चं रेसिडेंट इव्हिल व्हिलेज घ्या, त्यात डेनुवो होतं आणि वर गेम बनवणाऱ्या कॅपकॉमचं स्वतःचं पण एक कुलूप होतं, आणि ऐन मारामारीत गेम झटके खायचा. क्रॅक झालेली, म्हणजे कुलूप तोडलेली कॉपी मात्र गुळगुळीत. ही गोष्ट बाहेर आल्यावर कॅपकॉमने पॅच दिला.

दुसरी एक मजा, डूम इटर्नल २०२० मध्ये आला तेव्हा त्याच्या पब्लिशरच्या, बेथेस्डाच्या लाँचरवरून उतरवलेल्या फोल्डरमध्ये डेनुवो नसलेली फाइल चुकून तशीच राहिली होती. दार लावलं आणि किल्ली पायपुसण्याखाली.

आमचं मत असं की डेनुवोवाला गेम पूर्ण किमतीत घेऊच नये. पब्लिशरला ते पहिल्या काही महिन्यांच्या विक्रीसाठी हवं असतं, नंतर बरेच जण काढून टाकतात. २०१६ चं डूम मे महिन्यात आलं आणि डिसेंबरमध्ये डेनुवो गेलं. थांबलात तर किंमतही उतरते, पॅचही येतात.

२००३-०४ च्या सुमाराच्या ओरिजिनल सीडी आहेत, एक ओरखडा नाही, पण विंडोज १० वर चालतच नाहीत. क्रॅक टाकला तर गुन्हा का? — एक वाचक, डोंबिवली

सीडी ठीकच असणार. त्या काळात सेफडिस्क नावाचं कुलूप खूप गेमना असायचं, ते विंडोजच्या एकदम आत जाऊन बसायचं, आणि २०१५ मध्ये विंडोज १० आलं तेव्हा मायक्रोसॉफ्टने सुरक्षेच्या कारणाने त्याला आत घ्यायचंच बंद केलं. झालं काय, लॅमिंग्टन रोडच्या फुटपाथवरून कुलूप तोडलेली सीडी घेतलेल्याचा गेम आजही चालू होऊ शकतो आणि तुमचा ओरिजिनल नाही. चीड येण्यासारखंच आहे.

क्रॅकबद्दल: आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने ६५अ कलम आलं, हक्कांचा भंग करायच्या इराद्याने असं कुलूप तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. 'इराद्याने' हा शब्द त्यात आहे, आणि स्वतःची सीडी चालवणं म्हणजे भंग करायचा इरादा असं आम्हाला तरी वाटत नाही, पण आम्ही वकील नाही. खरी भीती कायद्यापेक्षा क्रॅकसोबत येणाऱ्या व्हायरसची आहे. आधी गॉगवर तो गेम शोधा, जुने गेम नव्या विंडोजवर चालवून देणं हाच त्यांचा मूळ धंदा, आणि सेलमध्ये वडापावच्या दोन-चार प्लेटांच्या भावात मिळून जातो.

पैसे मोजून घेतलेला गेम कंपनीने सर्व्हर बंद केल्यावर उघडतच नाही. हे चालतं कसं? — एक वाचक, कोल्हापूर

चालतं, कारण आपण गेम विकत घेतच नाही, परवाना घेतो. यूबीसॉफ्ट ह्या गेम कंपनीने ३१ मार्च २०२४ ला द क्रू ह्या गाड्यांच्या गेमचे सर्व्हर बंद केले, त्यात एकट्याने खेळण्यासारखं भरपूर होतं, तरी सगळंच गेलं. त्यावरून रॉस स्कॉट ह्या यूट्यूबरने स्टॉप किलिंग गेम्स मोहीम काढली आणि युरोपात त्यांच्या अर्जावर दहा लाखांच्या वर सह्या झाल्या. मागणी फुकट सर्व्हर कायम चालवा अशी नाहीये, जाताना गेम चालू राहील अशी काहीतरी सोय करून जा एवढीच आहे. तिकडे कॅलिफोर्नियाने कायदा केला की परवाना विकत असाल तर तसं स्पष्ट सांगा, आणि २०२४ च्या ऑक्टोबरपासून स्टीमच्या कार्टमध्ये ती ओळ दिसायला लागली. म्हणजे प्रामाणिकपणा आला, हक्क नाही आला! ऑनलाइनच असलेल्या गेमला गॉगचा पण इलाज नाही, तो भाड्याचा समजूनच घ्या.

माझी स्टीम लायब्ररी मृत्युपत्रात मुलाच्या नावे करता येईल का? — वय ५८, ठाणे

नाही. स्टीमचं अकाउंट दुसऱ्याच्या नावावर होत नाही, मृत्युपत्रानेही नाही, हे त्यांच्या सपोर्टने सांगितलेलं आहे. मुलगा पासवर्ड टाकून खेळत राहील ते वेगळं.

एपिकचे फुकट गेम घ्यावेत का, त्यात काही गोम? — एक वाचक, पणजी

घ्या की! २०१८ पासून देतायत, आधी दर पंधरवड्याला आणि २०१९ पासून दर आठवड्याला, गिऱ्हाईक स्टीमवरून ओढायला. डीआरएमचं तिथेही डेव्हलपरच्या मनावर. त्यांचा लाँचर स्टीमइतका सरस नाही, पण एपिक डेव्हलपरकडून विक्रीचे जास्तीत जास्त १२ टक्के घेतं आणि स्टीम ३० पासून सुरू करतं, म्हणून पुण्याच्या नॉडिंग हेड्ससारख्या छोट्या टीमचा गेम विकत घेणार असाल तर कुठून घेतो हे बघायला हरकत नाही. फुकटचा गेम गुरुवारी रात्री बदलतो, आपल्याकडे साडेआठ-साडेनऊच्या सुमारास, त्याआधी लायब्ररीत टाकून ठेवा, डाउनलोड नंतर केला तरी चालतो.