रेडिओवर मराठी गाण्यांचा राखीव वाटा

प्रश्न : कॅनडा-फ्रान्समध्ये रेडिओवर देशी गाण्यांना ३५-४० टक्के वाटा कायद्यानंच राखलाय म्हणे. कोल्हापूरच्या एफएमवर मराठीसाठी तसं झालं, तर इथल्या नव्या गायक-संगीतकारांना फायदा होईल का?
— एक वाचक, शाहूपुरी, कोल्हापूर

उत्तर : टक्का नंतर बघू, आधी तो मोजणार कसा ते ठरवा. तासाला १२ गाणी धरली तर दिवसाची २८८, त्यातली ३५ टक्के म्हणजे १०१. रात्री १२ ते सकाळी ६ सलग मराठी लावली की ७२ तिथंच उरकली. उरलेल्या १८ तासांत २९, म्हणजे तासाला दोनसुद्धा नाहीत. हिशेब चोख, पण संध्याकाळी रंकाळ्यावर बसलेल्याच्या कानी मराठी क्वचितच! म्हणून कॅनडात सोमवार ते शुक्रवार सकाळी ६ ते संध्याकाळी ६ या वेळेतही ३५ टक्के वेगळे भरावे लागतात.

दुसरी पळवाट म्हणजे तीच तीच गाजलेली गाणी घोळवायची. फ्रान्सनं १९९६ पासून फ्रेंच गाण्यांना ४० टक्के दिले आणि त्यातला निम्मा वाटा नव्या कलाकारांना किंवा नव्या गाण्यांना. तरी मोजकीच गाणी दळली जायची. म्हणून २०१६ मध्ये कलम आलं : सर्वाधिक वाजणाऱ्या दहा फ्रेंच गाण्यांनी एकूण फ्रेंच वादनाचा निम्म्याहून जास्त भाग व्यापला, तर निम्म्यावरचं वादन हिशेबात धरायचं नाही. आपल्याकडे हे कलम नसेल तर जुनी सदाबहार गाणीच कोटा भरून टाकतील.

आता ‘आपलं’ गाणं कुठलं? फ्रान्स भाषा बघतो, कॅनडा माणसं. संगीत, गायक, सादरीकरण (म्हणजे गाणं कुठं मुद्रित झालं), शब्द या चारांपैकी दोन कॅनडाचे असले की गाणं पास. यातही गंमत झाली : १९९१ मध्ये ब्रायन अ‍ॅडम्ससारख्या कॅनेडियन गायकाचीच गाणी नापास ठरली, कारण ती त्यानं परदेशी संगीतकाराबरोबर मिळून लिहिली होती आणि ध्वनिमुद्रणही पूर्णपणे कॅनडात झालं नव्हतं. पुढं नियम बदलावा लागला. तुमच्यापुरतं बोलायचं तर नुसती भाषा मोजली की मुंबईच्या मोठ्या कंपनीचं मराठी चित्रपटगीतही त्याच वाट्यात बसतं. इचलकरंजीचा गीतकार आणि कोल्हापूरची गायिका वाजायला हवी असेल, तर माणसं मोजणारा नियम मागा.

प्रश्न : मग सगळीच गाणी मराठी का नकोत?

उत्तर : सक्ती केली की ऐकणारा दुसरीकडं जातो. १९५२ मध्ये बा. वि. केसकर केंद्रात माहिती-नभोवाणी मंत्री असताना आकाशवाणीवरून चित्रपटगीतं हद्दपार झाली. ऐकणाऱ्यांनी काटा श्रीलंकेच्या रेडिओ सिलोनवर नेला, जाहिरातीही तिकडंच गेल्या. १९५७ मध्ये विविध भारती काढावी लागली. आज तर काटा फिरवायचेही कष्ट नाहीत, मोबाइल हातातच असतो.