हशा नेमका कुठे पडतो?

प्रिय,

अनेक आशीर्वाद.

'मॉमी डिअरेस्ट' हा हॉलिवूडची नटी जोन क्रॉफर्ड आणि तिची मुलगी क्रिस्टिना यांच्यावरचा सिनेमा दाखवून प्रेक्षकांच्या प्रतिक्रियांवर टिपण लिहायचं तू ठरवलंस, ते बरं केलंस. पण कच्च्या खर्ड्यातली पहिलीच ओळ खोड: 'लोक हसतात, म्हणजे सिनेमा फसला.' लोक हसतात हे खरं. पण कोण, कुठल्या क्षणी, कशाला आणि कुठल्या साली, हे लिहिल्याशिवाय त्या ओळीला काही अर्थ नाही.

आधी चार गोष्टी चार वेगळ्या कागदांवर मांड. पहिल्या कागदावर घर: जोन क्रॉफर्ड, तिनं दत्तक घेतलेली मुलं, आणि १० मे १९७७ ला तिचा मृत्यू. मृत्युपत्रात क्रिस्टिना आणि ख्रिस्तोफर यांना काहीही ठेवलेलं नाही, आणि कारण 'त्यांना चांगलं ठाऊक आहे' अशा अर्थाचं वाक्य आहे. दुसऱ्यावर पुस्तक: आईनं केलेल्या छळाच्या क्रिस्टिनाच्या आठवणी, १९७८. तिसऱ्यावर सिनेमा: पॅरामाउंट, १९८१, दिग्दर्शक फ्रँक पेरी, जोनच्या भूमिकेत फे डनवे. आणि चौथ्यावर थिएटरातला अंधार, म्हणजे प्रेक्षक. प्रतिक्रियांवर लिहिणाऱ्यांचा घोळ बहुतेक वेळा इथेच होतो. चौथ्या कागदावरचा हशा ते पहिल्या कागदावरच्या खटल्यात साक्षीला उभा करतात. सिनेमा हास्यास्पद, म्हणून मुलगी खोटारडी, असा निकाल देऊन मोकळे होतात.

मुलगी खरं बोलली का, हा तुझ्या टिपणाचा विषय नाही. पण प्रेक्षकांतून कुणीतरी ते विचारणारच, तेव्हा एवढं माहीत असू दे. ख्रिस्तोफरनं बहिणीची बाजू घेतली. कॅथी आणि सिंडी या धाकट्या जुळ्या बहिणींनी आपली आई अशी नव्हतीच असं ठामपणे सांगितलं. नटी मर्ना लॉय जोनच्या बाजूनं बोलली. दुसरी नटी हेलन हेज हिनं मात्र आईचा कडकपणा क्रूर होता असं लिहिलं. आता गंमत बघ. या जुळ्या बहिणी सिनेमात नाहीतच! आईच्या बाजूनं बोलणारी दोन मुलं पटकथेनं घरातूनच काढून टाकली. शिवाय पडद्यावरचा ग्रेग सॅविट हा प्रियकर या नावाचा माणूस प्रत्यक्षात नव्हता. म्हणजे दोन तास नऊ मिनिटं प्रेक्षक जे घर पाहतो, त्यातली काही माणसं वजा आहेत आणि एक जास्तीचं आहे. चर्चेच्या सुरुवातीलाच हे सांगून टाक, अर्धे वाद तिथेच मिटतील.

आता हँगरचा प्रसंग: मुलीच्या कपाटात तारेचा हँगर सापडतो आणि जोन त्यानंच तिला झोडपते. याच्यावर तुझा सगळ्यात जास्त वेळ गेला तरी चालेल.

तो तीनदा बघ: एकदा सलग, एकदा आवाज बंद करून, आणि एकदा डोळे मिटून नुसता ऐकून. आवाज बंद केलास की कळेल, कॅमेरा जवळजवळ सगळा वेळ जोनकडे आहे. चेहऱ्यावर कोल्ड क्रीमचा पांढरा थर, त्यात फक्त तोंड आणि डोळे. तो चेहरा मुखवटा होतो, आणि मुखवट्याला माणूस आधी दचकतो, मग हसतो. डोळे मिटून ऐकलंस तर दुसरी गोष्ट सापडेल. हँगर हाताशी लागतो आणि स्वर एकदम टिपेला जातो. तिथून वर चढायला जागाच उरत नाही. आपल्याकडे नाटकाच्या तालमीत नटाला सांगतात, पहिल्याच वाक्याला वरचा सा लावू नकोस. इथे डनवेनं तो लावला आणि दिग्दर्शकानं लावू दिला.

पण खरी मेख वेगळीच आहे. तारेचा हँगर ही क्षुल्लक वस्तू, आणि तिच्यापायी एवढा आकांत. कारण आणि राग यांचा हा विजोडपणा हेच विनोदाचं जुनं यंत्र. आणि मारझोड होणाऱ्या घरात नेमकं हेच असतं: कारण टीचभर, मार हातभर. म्हणजे थिएटर ज्या गोष्टीला हसतं, ती या सिनेमात सगळ्यात खरी आहे. तुझ्या टिपणाचा कणा हा असू दे. हशा पडला कारण दिग्दर्शकानं तो विजोडपणा आईच्या बाजूनं दाखवला. पलंगावरच्या मुलीला पावलांचा आवाज आधी ऐकू आला असता, कपाटात काय निघणार हे तिला आधी कळलं असतं, तर तोच हँगर पाहून लोक गप्प झाले असते.

या एका प्रसंगात हशे तीन आहेत, ते वेगळे नोंद. पहिला किंकाळीसरशी येतो, तो दचकल्याचा. दुसरा न्हाणीघरात, भांडी घासायच्या पावडरीचा डबा उडतो तेव्हा, तो अतिरेकाचा. तिसरा शेवटी. आई सगळा पसारा आवरायला सांगून निघून जाते आणि ती चिमुरडी पावडरीत बसून, दमलेल्या मोठ्या बाईसारखा देवाचा धावा करते. हा तिसरा हशा मुलीच्या बाजूचा आहे. तिघांना एकाच 'प्रेक्षक हसले' मध्ये कोंबलंस तर टिपण वाया गेलं समज.

मराठी प्रेक्षकाची एक अडचण आधीच ओळखून ठेव. आपला इस्त्रीवाला कपडे घडी घालून गठ्ठ्यात देतो. तारेचा हँगर आपल्याला काहीच सांगत नाही. अमेरिकेत तो लाँड्रीतून कपड्याबरोबर फुकट येई, म्हणून स्वस्ताईची खूण. आणि जोन, मूळची लुसिल लेस्यूर, कॅन्सस सिटीत आई लाँड्रीत राबत असताना वाढलेली. सिनेमा हा दुवा जोडत नाही. तू दोन वाक्यांत जोडून दे. उलट ताटातलं कच्चट मांस संपवायला लावणारा प्रसंग आपल्याला लगेच भिडतो. 'ताटातलं संपवल्याशिवाय उठायचं नाही' हे ऐकत कोण मोठं झालं नाही? पोहण्याच्या शर्यतीचा प्रसंगही तसाच. तिथे आई ओरडत नाही, फक्त लहान मुलीला पुन्हा पुन्हा हरवते. माझ्या मते सिनेमातली सगळ्यात भीतीदायक जागा तीच.

सालांचा क्रम चुकवू नकोस. सप्टेंबर १९८१ ला सिनेमा आला तो गंभीर चरित्रपट म्हणून. काही आठवड्यांत लोक थिएटरात हँगर आणि पावडरीचे डबे घेऊन येऊ लागले, पात्रांबरोबर संवाद म्हणू लागले. ते पाहून पॅरामाउंटनं जाहिरातच बदलली: हँगरचं चित्र आणि आईवर कोटी करणारी ओळ. निर्माता फ्रँक याब्लान्स चिडून कोर्टात गेला. अमेरिकेत गल्ला सुमारे १ कोटी ९० लाख डॉलर जमला, म्हणजे लोकांनी पाठ फिरवली असं लिहिता येणार नाही. पुढच्या वर्षी रॅझीनं, म्हणजे वाईट सिनेमांना थट्टेनं दिल्या जाणाऱ्या पुरस्कारानं, याला सर्वांत वाईट चित्रपट ठरवलं. सर्वांत वाईट अभिनेत्रीचा मान डनवेला बो डेरेकबरोबर विभागून मिळाला. १९८१ च्याच सिनेमांसाठी झालेल्या न्यूयॉर्कच्या समीक्षकांच्या मतदानात उत्तम अभिनेत्री म्हणून तीच डनवे दुसरी आली होती. हे दोन निकाल शेजारी शेजारी छाप, जास्त भाष्य करू नकोस.

त्यानंतरच्या वर्षांत हा सिनेमा समलिंगी पुरुषांच्या प्रेक्षकवर्गानं आणि ड्रॅग कलावंतांनी, म्हणजे भडक बायकी वेश करून रंगमंचावर येणाऱ्यांनी, उचलून धरला. त्या हशाला निव्वळ टवाळी म्हणू नकोस. घरात 'नीट वाग' म्हणून दटावलं गेलेलं मूल मोठं होऊन त्या दटावणीचीच नक्कल करतं, तेव्हा त्यात थट्टा असते तशी वसुलीही असते. आजचा प्रेक्षक तर मोबाइलवर चाळीस सेकंदांचा तुकडा पाहून येतो. त्याचा हशा पाठ केलेला असतो. क्रिस्टिनाला स्वतःला हा सिनेमा रुचला नव्हता, हेही एका ओळीत यायला हवं.

आता खेळाच्या दिवसाचं. १२९ मिनिटांचे पाच-पाच मिनिटांचे २६ चौकोन आखून घे. चौकोनात तीनच खुणा: ह म्हणजे हशा, श म्हणजे शांतता, चु म्हणजे चुळबुळ, खुर्च्यांचा आवाज, कुणी उठून जाणं. नोंदी करणारे दोघे हवेत, एक डाव्या भिंतीशी आणि एक उजव्या, मागच्या तिसऱ्या भागात. अगदी शेवटच्या रांगेत बसलात तर पुढचा दबका हशा ऐकू येत नाही. टॉर्च नको, अंधारात लिहायची सवय आदल्या दिवशी कर. संवाद पाठ असलेलं टोळकं असतंच. ते कुठे बसलंय ते आधी टिपून ठेव, कारण पहिला हशा त्यांचा आणि बाकीचे त्यांच्यामागे. सबटायटल लावलीस तर ओळ आवाजाच्या आधी वाचली जाते आणि हशा सेकंदभर आधी पडतो. तो अभिनयाच्या खात्यात घालू नकोस.

सुरुवातीला एका वाक्यात सांग की सिनेमात मुलांना मारहाण आहे, आणि मध्येच बाहेर जायला हरकत नाही. अमेरिकेत त्याला पीजी, म्हणजे 'पालकांच्या मार्गदर्शनानं पाहावा' असं प्रमाणपत्र होतं, पण तेवढ्यावर लहान मुलांना आत घेऊ नकोस. दाराशी १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांक मोठ्या अक्षरात लाव. चर्चेत 'तुमच्यापैकी कुणी मार खाल्लाय?' असं चुकूनही विचारू नकोस. पहिला प्रश्न साधा ठेव: तुम्ही कुठे हसलात, आणि कुठे हसता हसता थांबलात? उत्तराला वेळ दे. पहिलं अर्धं मिनिट कुणी बोलणार नाही, ते तू भरून काढू नकोस.

सिनेमाच्या शेवटी मृत्युपत्र वाचलं जातं, भाऊ म्हणतो, नेहमीप्रमाणे शेवटचा शब्द आईचाच. बहीण विचारते, खरंच? नावं पूर्ण वर सरकेपर्यंत दिवे लावू नकोस. तुमच्या २६ चौकोनांतला शेवटचा तिथेच भरायचा आहे.

दोन्ही वह्या पाठव. टिपण मागाहून आलं तरी चालेल.

तुझ्या कामाला शुभेच्छा.