शेवेचा डबा आणि शतपावली

राजेंद्रनगर, इंदूर

चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद.

गेल्या रविवारी तू घरी आलास तेव्हा खुर्चीत बसता बसता म्हणालास, की सुपर कॉरिडॉरवरच्या नोकरीला लागल्यापासून दोन वर्षांत तुझे वजन अडुसष्टवरून अठ्ठ्याहत्तर किलोवर गेले आहे, आणि आता तू महिनाभर केवळ रसांवर राहायचे आणि सराफ्याकडे, म्हणजे आपल्या रात्रीच्या खाऊबाजाराकडे, फिरकायचेही नाही असे ठरवले आहेस. त्या वेळी मंडळी जमली होती म्हणून मी काही बोलले नाही. पण सदतीस वर्षे जीवशास्त्र शिकवलेल्या बाईला गप्प बसवत नाही, म्हणून हे पत्र.

पहिली गोष्ट अशी, की तू चुकीच्या आरोपीला पकडले आहेस. सराफ्यात तू महिन्यातून फार तर दोनदा जातोस. थंडीत गराडू, म्हणजे तो तळलेला कंद, खातोस, भुट्ट्याचा कीस खातोस, ते डोळ्यांत भरते आणि मनाला खाते, म्हणून सगळा दोष त्याच्या माथी जातो. आता हिशेब कर. दहा किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने ७७,००० कॅलरी. दोन वर्षांच्या ७३० दिवसांनी भागल्यास रोजच्या शंभरावर थोड्या कॅलरी येतात. वाढलेले शरीर पोसायलाही ऊर्जा लागत असल्यामुळे खरा आकडा याहून मोठा असणार, पण त्याची जात तीच: रोज थोडे थोडे, कुणाच्या लक्षातही न येणारे. महिन्यातून दोनदा घडणाऱ्या गोष्टीने असे वजन चढत नाही; ते रोज घडणाऱ्या गोष्टीने चढते. म्हणून तुझा गुन्हेगार घरातच, जेवणाच्या टेबलावर, झाकण लावून बसलेला आहे, आणि तो म्हणजे शेवेचा डबा.

आपल्या इंदुरी पोह्यांचेच उदाहरण घे. ते वाफेवर ठेवलेले असतात, त्यांत तेल बेताचेच असते. पण त्यांवर पडणारी शेव म्हणजे तेलात तळलेले बेसन, शंभर ग्रॅममागे साधारण साडेपाचशे कॅलरींचे. एक मूठ म्हणजे तीस ग्रॅम धरली तरी दीडशेच्या वर गेलो. आपण शेव काही पोह्यांवरच घालत नाही. वरण-भातावर, भाजीवर, कधी नुसत्या दह्यावरही ती हवी असते आणि संध्याकाळी फोन बघता बघता हात परत डब्यात जातो तो वेगळाच. मी तुला शेव सोडायला सांगणार नाही, कारण इंदुरात राहून तू ती सोडणार नाहीस आणि सोडण्याची गरजही नाही. डबा टेबलावरून उचलून माळ्यावर ठेव, आणि हवी तेव्हा लहान वाटीत काढून घे. ज्या वस्तूसाठी स्टूल लावून चढावे लागते ती आपण भूक असेल तरच खातो.

दुसरा चोर चहाच्या कपात आहे. तुझ्या कार्यालयात चहाची चार आवर्तने होतात असे तूच सांगितलेस. दोन चमचे साखरेचे चार कप म्हणजे चाळीस ग्रॅम साखर, म्हणजेच १६० कॅलरी. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते अशी वरून घातलेली साखर दिवसाला पंचवीस ग्रॅमांच्या आत राहिली तर उत्तम. एकदम बिनसाखरेचा चहा घेऊ नकोस, तो चार दिवसही टिकणार नाही. दोन चमच्यांचा दीड कर, तीन आठवड्यांनी एक कर. जीभ सावकाश शिकते, पण शिकलेले विसरत नाही.

तिसरा हिशेब तेलाचा, आणि तो तुझ्या आईशी बसून करायचा आहे, तिला दोष न देता. तुम्ही घरात चार माणसे. पाच लिटरचा डबा महिन्यात संपत असेल तर माणशी रोजचे अडतीस ग्रॅम तेल होते, आणि त्यात तूप, बाहेरची कचोरी किंवा ती शेव धरलेलीच नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली दिलेल्या मार्गदर्शनात २,००० कॅलरींच्या आहारासाठी तेल-तूप मिळून सत्तावीस ग्रॅम सांगितले आहे. फोडणी बंद करू नये, फक्त तेल थेट डब्यातून कढईत न ओतता चमच्याने मोजून घालावे. आमच्या स्वयंपाकघरात तेलाच्या बरणीला एक चमचा दोऱ्याने बांधून ठेवला आहे, आणि गेल्या सोळा वर्षांत तो कोणी सोडलेला नाही.

ही सोळा वर्षे कोठून मोजते आहे, तेही सांगते. चव्वेचाळीसाव्या वर्षी, पुतण्याच्या लग्नाआधी, मी वजन उतरवून देणाऱ्या एका केंद्रात पैसे भरले. सकाळी दुधी भोपळ्याचा रस, दिवसातून एकच जेवण, रात्री सूप. दहा आठवड्यांत नऊ किलो उतरले आणि लग्नात सगळ्यांनी कौतुक केले. पण शाळेचा जिना चढताना मला कठडा धरावा लागत होता, केस हातात येत होते, आणि वर्गात मुलांवर उगाच ओरडत होते. पुढच्या दिवाळीपर्यंत नऊचे नऊ किलो परत आले, शिवाय आणखी दोन. ज्या गोष्टी मी फळ्यावर लिहून शिकवत होते त्याच स्वतःला लावून पाहिल्या नव्हत्या, याची मला आजही खंत वाटते. उपासमारीच्या पहिल्या आठवड्यात जे दोन-तीन किलो उतरतात ते बहुतेक पाणी असते, कारण शरीरात साठवलेल्या ग्लायकोजेनच्या, म्हणजे साखरेच्या साठ्याच्या, प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधलेले असते. त्यानंतर चरबीबरोबर स्नायूही झिजतात. शरीर खर्च आवरते आणि भूक वाढवते. परत येते ती मात्र प्रामुख्याने चरबी. तू महिनाभर रसांवर राहणार म्हणालास तेव्हा मला तो जिन्याचा कठडा आठवला. अठ्ठेचाळीसाव्या वर्षी मी पुन्हा सुरुवात केली ती अशा सवयींनी, ज्या मरेपर्यंत चालवता येतील. सात किलो उतरायला चौदा महिने लागले, आणि ते परत आले नाहीत.

आता ताटाकडे येऊ. आपल्या ताटात डावीकडे चटणी, लिंबू आणि कोशिंबीर असते, आणि कोशिंबीर बिचारी चमचा-दोन चमचेच असते. तिला वाटीभर जागा दे. काकडी, गाजर, मुळा, टोमॅटो, जे मोसमात असेल ते, वर थोडे दही. भाजीही एकाऐवजी दोन वाट्या घे. पोट ऊर्जेपेक्षा आकारमानाने आधी भरते, त्यामुळे तिसऱ्या पोळीची आठवण आपोआप मागे पडते. पोषण संस्थेच्या त्याच मार्गदर्शनात दिवसाला चारशे ग्रॅम भाज्या आणि अडीचशे ग्रॅम धान्य सांगितले आहे. आपल्या घरांत हे प्रमाण बहुधा उलटे असते. दुसरे असे, की आपले वरण फार पातळ असते. तुझ्या वजनाला रोज पासष्ट ग्रॅमच्या आसपास प्रथिने लागतात, आणि ती मिळाली नाहीत तर वजन उतरताना स्नायू जातात व दोन तासांत पुन्हा भूक लागते. घट्ट वरण, मटकीची उसळ, दही, चालत असतील तर दोन अंडी, यांपैकी काहीतरी प्रत्येक जेवणात असलेच पाहिजे. उपासाबद्दल मात्र कडक बोलते. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, त्यात शेंगदाण्याचे कूट आणि तूप. एकादशी आणि दुप्पट खाशी हे आपल्या वाडवडिलांनी पाहून लिहिले आहे. श्रद्धेने उपास करायचा तर जरूर कर, पण तो वजनाच्या खात्यात जमा धरू नकोस.

व्यायामाविषयी तुझी समजूत मला सुधारायची आहे. तू म्हणालास, जिममध्ये घाम गाळून खाल्लेले फेडतो. तुझ्या वजनाचा माणूस अर्धा तास भरभर चालला तर दीडशेच्या आसपास कॅलरी खर्च होतात, म्हणजे वर सांगितलेली ती एक मूठ शेव. वजन उतरवण्याचे काम मुख्यत्वे ताट करते. उतरलेले वजन धरून ठेवण्याचे, स्नायू राखण्याचे आणि हृदयाला सांभाळण्याचे काम व्यायाम करतो. १९५३ साली लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील कर्मचाऱ्यांचा जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात दिवसभर बसून असलेल्या चालकांपेक्षा जिन्यावरून सतत वर-खाली करणाऱ्या वाहकांना हृदयविकार कमी होत असल्याचे आढळले. नोकरी एकाच गाडीतली, पण एक बसून आणि एक चढ-उतार करत. तुझी नोकरी चालकाची आहे, हे लक्षात ठेव.

म्हणून आठवड्याला निदान दीडशे मिनिटे असे चाल, की बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही. पीपल्यापाल्याच्या तलावाकाठी सकाळी चालण्यासारखे दुसरे सुख या शहरात नाही, पण तिथवर जायला वेळ नसेल तर कॉलनीच्या गल्ल्या पुरेशा आहेत. दोन दिवस बैठका, जोर, सूर्यनमस्कार घाल. आणि शतपावली कधी चुकवू नकोस. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे चालले की पायांचे स्नायू रक्तातली साखर उचलून वापरतात, आणि जेवणानंतर साखरेची जी उसळी येते ती बसते. जेवून लगेच स्कूटरवर बसण्याची सवय आपल्या सगळ्या शहराला लागली आहे, ती तू मोड.

वजनाच्या काट्यावर रोज उभे राहू नकोस. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, सकाळी शौचानंतर पाहा आणि लिहून ठेव. त्याहून महत्त्वाची आहे ती टेप. सर्वांत खालची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडून, पोट आत न ओढता मोज. आपल्याकडच्या पुरुषांसाठी नव्वद सेंटिमीटर आणि स्त्रियांसाठी ऐंशी ही मर्यादा आहे. तुझी उंची एकशे सत्तर सेंटिमीटर, म्हणजे तुझा बीएमआय, उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा, सत्तावीस आला. आपल्या लोकांसाठी तेवीसच्या पुढे जादा वजन आणि पंचवीसच्या पुढे स्थूलता धरतात, पाश्चात्त्यांपेक्षा कमी. पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी दाखवून दिले आहे, की आपण वरून सडसडीत दिसलो तरी आतून चरबी बाळगून असतो, आणि हे नवजात बाळांतही दिसते. म्हणून चार-पाच किलो उतरले तरी पहिल्या वर्षाला पुरे आहे, आणि काटा हलला नाही तरी हताश होऊ नकोस. भारतात मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ५३१ जणांवर झालेल्या, २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आहार-व्यायाम बदललेल्या गटात मधुमेहाचा धोका २८.५ टक्क्यांनी घटला, आणि तेही वजनात म्हणावा असा फरक पडलेला नसताना.

रात्रपाळीच्या आठवड्यात मोठे जेवण पाळीआधी घे, मध्यरात्री दही किंवा उसळीचा छोटा डबा ठेव, आणि सकाळी आल्यावर पडदे ओढून पुरेसा झोप. झोप तोडली की भूक वाढवणारी संप्रेरके जोर करतात, आणि मग जिलबीपुढे निश्चय टिकत नाही.

या आठवड्यातच थायरॉइड, साखर आणि रक्तदाब तपासून घे, कारण वजन वाढण्यामागे दुसरेच काही असेल तर माझा सगळा उपदेश फुकट. हल्लीच्या वजनाच्या इंजेक्शनांचा विचार डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय मनातही आणू नकोस.

पुढच्या रविवारी येशील तेव्हा कमरेचे माप लिहून आण. आईला सांग, तेलाचा नवा डबा उघडताना त्यावर तारीख घालायची. पोहे करून ठेवीन, आणि शेव वाटीत वेगळी ठेवीन.

तुझ्या बाई