पॉलिशरला हात लावण्याआधी

भाऊ, जुन्या स्पोर्ट्स कारला बोअरचं पाणी लावूच नका. आपल्याकडचं जड पाणी उन्हात वाळलं की बॉनेटवर पांढरे डाग धरतात. पांढरं व्हिनेगर आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं, सावलीत, गार पत्र्यावर मिनिटभर ठेवून धुवा. मग क्ले बार, म्हणजे रंगावर चिकटलेली घाण ओढून काढणारी मऊ वडी. आता कोपऱ्यात थोडं पॉलिश घासून फडकं बघा: लाल गाडीचं फडकं लाल झालं तर वर क्लिअर कोट (रंगावरचा पारदर्शक थर) नाही, रंगच निघतोय. कडांना मास्किंग टेप लावाच. तिथे रंगाचा थर पातळ, पॉलिशरचं पॅड बघता बघता खालच्या प्रायमरपर्यंत जातं. लेदर सीटला चकचकीत सिलिकॉन पॉलिश नको, बसलं की घसरायला होतं. मऊ ब्रश, सौम्य क्लीनर, मग कंडिशनर. पडलेल्या भेगा मात्र त्यानं भरत नाहीत, त्याला फिलर लागतं.